वाघ, वाघोबा आणि तोरणमाळचें रान

गेल्या हिवाळ्यांत कॉलेजांतील कांहीं विद्यार्थ्यांस घेऊन मी तोरणमाळास गेलों होतों. सहलीचा हेतु इतिहासाभ्यासाचा. परंतु रात्रीं शेकोटीभोंवतीं जो वाद पेटला तो इतिहासाचा नसून वाघाचा होता. आमच्या जेवणाची व्यवस्था पाहणारे एक वृद्ध गृहस्थ बोलतां बोलतां म्हणाले, "खालच्या दरींत वाघ आहे. दोन वर्षांमागें माझी पारडी नेली." जवळच बसलेला वनखात्याचा एक तरुण नोकर हंसून म्हणाला, "बाबा, तो बिबट्या. ह्या जिल्ह्यांत वाघ नाहीं." वृद्धानें वाद घातला नाहीं. "तुमच्या कागदांत नसेल," एवढेंच बोलून त्यानें शेकोटींत एक लांकूड पुढें सारलें. मुलांमध्यें मात्र तत्काळ दोन तट पडले. दुसऱ्या दिवशीं एकानें ओढ्याकांठच्या चिखलांतील पंजाचें छायाचित्र आपल्या फोनवर टिपून आणलें आणि वादाचा निकाल लागला अशा थाटांत तें मजपुढें धरलें. छायाचित्र स्वच्छ होतें. पण पंजाशेजारीं नाणें, काडी किंवा स्वतःचा हात असें कांहींच ठेवलेलें नव्हतें. त्यामुळें पंजा केवढा हें सांगण्यास कसलेंच साधन नव्हतें. ओढ्यावर परत जाऊन पाहावें तों गुरांच्या खुरांनीं चिखल पार तुडविला गेला होता.

नंदुरबारच्या रानांत वाघ आहे कीं नाहीं हा वाद त्या एका शेकोटीपुरता नाहीं. शहाद्यास, तळोद्यास, धडगांवास, बाजाराच्या दिवशीं चहाच्या दुकानांत हा विषय निघाला म्हणजे प्रत्येकाजवळ सांगण्यासारखी एक तरी गोष्ट असते. व्याघ्रगणनेच्या कामांत ज्यांचा शब्द प्रमाण मानला जातो ते तद्विद वाघांच्या स्थायी वस्तीच्या प्रदेशांत ह्या जिल्ह्याची गणना करीत नाहींत. एका पक्षाजवळ स्मृति आहे, दुसऱ्याजवळ अहवाल आहे. आणि दोन्ही पक्षांस आपलें म्हणणें स्वयंसिद्ध वाटतें. प्राणिशास्त्र हा माझा विषय नव्हे. तथापि, एखादी गोष्ट "होती" किंवा "नव्हती" असें म्हणण्यापूर्वीं पुरावा कसा तपासावा हें ज्याला वर्गांत वर्षानुवर्षें सांगावें लागतें त्याला ह्या वादांत दोन शब्द बोलण्याचा अधिकार असावा, अशी माझी समजूत आहे.

प्रथम शब्दाचाच विचार करूं. कारण अर्धा वाद शब्दाचा आहे. आपल्या भाषेंत "वाघ" हें नांव एकाच प्राण्याचें नाहीं. अंगावर पट्टे असलेला तो पट्टेरी वाघ किंवा ढाण्या वाघ. ठिपके असलेला तो बिबळ्या वाघ किंवा बिबट्या. कोंकणापासून खानदेशापर्यंत कोणत्याही खेड्यांत "वाघानें शेळी नेली" असें वाक्य ऐकूं येतें, आणि बोलणाऱ्याच्या मनांत पुष्कळदां बिबट्याच असतो. तो खोटें बोलत नसतो. त्याच्या भाषेप्रमाणें तो खरेंच बोलत असतो. शहरांतील मनुष्य मात्र "वाघ" म्हणतांच पट्टेरी वाघच डोळ्यांपुढें आणतो, आणि त्याला ती अतिशयोक्ति वाटते. "वाघ म्हटलें तरी खातो, वाघोबा म्हटलें तरी खातो," अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्याची पारडी गेली त्याच्यापुरती ती खरी आहे. पण कोण आलें होतें ह्याचा निर्णय करावयाचा असेल तेव्हां तीच म्हण आपल्याला फसविते.

चित्त्याची हकीकत ह्याहून चमत्कारिक आहे. चित्ता हा वाघ-बिबट्याहून निराळा, सडपातळ, मोकळ्या माळावर धांवून शिकार धरणारा प्राणी. राजेरजवाडे त्याला माणसाळवून काळविटांच्या शिकारीस नेत; कोल्हापूर दरबारचे चित्ते त्यासाठीं प्रसिद्ध होते, आणि देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर तेथें ते आफ्रिकेंतून आणविले जात. हिंदुस्थानांतील शेवटचे तीन चित्ते १९४७ सालीं कोरिया संस्थानच्या महाराजांनीं मारले असें मानलें जातें, आणि १९५२ सालीं हा प्राणी देशांतून नष्ट झाल्याचें सरकारनें जाहीर केलें. पुढें २०२२ च्या सप्टेंबरांत नामीबियांतून चित्ते आणून मध्यप्रदेशांतील कुनोच्या रानांत सोडण्यांत आले. मधल्या सत्तर वर्षांत देशाच्या रानांत चित्ता नव्हता. पण शब्द जागचा हालला नाहीं. मोकळा पडलेला तो शब्द बिबट्याला जाऊन चिकटला, आणि "उसांत चित्ता दिसला" अशा बातम्या येत राहिल्या. तेव्हां सातपुड्यांतील कोणी "मी वाघ पाहिला" असें म्हणेल तेव्हां त्याला पहिला प्रश्न "खरें काय?" हा नव्हे, तर "पट्टे होते कीं ठिपके?" हा विचारला पाहिजे.

आतां इतिहासाकडे वळूं. नंदुरबार हा जिल्हा म्हणून अगदीं अलीकडचा आहे. धुळें जिल्ह्यांतून तो १ जुलै १९९८ रोजीं वेगळा झाला. त्यापूर्वींचें ह्या मुलुखाचें नांव पश्चिम खानदेश, आणि १९०६ पूर्वीं नुसतें खानदेश. जुन्या खानदेशाच्या दप्तरांत वाघ पानोपानीं भेटतो. गॅझेटियरांत असें नमूद आहे कीं, १८२२ सालच्या उन्हाळा-पावसाळ्याच्या अवघ्या तीन-चार महिन्यांत वाघांनीं ५०० माणसें आणि २०,००० गुरें मारलीं. आंकडे वाटोळे आहेत, आणि वाटोळा आंकडा बहुधा मोजलेला नसून अंदाजलेला असतो, हें विसरतां कामा नये. तरीहि नव्या अंमलदारांस वाघ हा चोरदरोड्याच्या बरोबरीचा उपद्रव वाटत होता एवढें त्यांवरून निश्चित ठरतें.

पण इतके वाघ आले कोठून? हा प्रश्न आमचे वादी विचारीत नाहींत, आणि वादाची किल्ली तर तेथेंच आहे. १८०२ सालीं होळकरांच्या फौजांनीं खानदेश धुळीस मिळविला. लागोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ पडला. मागाहून पेंढारी आले. एके काळीं परगण्याचें ठाणें असलेलें शहाद्याजवळचें सुलतानपूर ह्याच काळांत उजाड झालें. शेतें पडलीं, विहिरी बुजल्या, गांवठाणांत बाभळी माजल्या, आणि तापीकांठच्या काळ्याभोर जमिनींत झाडोऱ्यानें ठाण मांडलें. १८१८ सालीं इंग्रज आले तेव्हां त्यांस जें घनदाट रान दिसलें त्यांतील पुष्कळसें अनादि अरण्य नव्हतें; तें वीस वर्षांपूर्वींचें शेत होतें. माणूस हटला तेथें रान आलें, रानाबरोबर रानडुकर व हरणें आलीं, आणि त्यांच्यामागें वाघ आला. १८२२ चा वाघ म्हणजे निसर्गाच्या वैभवाची खूण होती त्याहून अधिक ती मनुष्याच्या दुर्दशेची खूण होती. "पूर्वीं खानदेशांत वाघच वाघ होते" असें आज आपण हळहळून म्हणतों तेव्हां त्या "पूर्वीं"मध्यें किती ओसाड गांवें दडलेलीं आहेत ह्याचें स्मरण ठेवणें न्यायाचें होईल.

ह्यानंतर जो पुरुष रंगभूमीवर येतो तो जेम्स औट्रम. १८२५ सालीं बावीस वर्षांच्या ह्या लष्करी अधिकाऱ्याकडे भिल्लांची पलटण उभारण्याचें काम सोंपविलें गेलें, आणि दहा वर्षें तो खानदेशांत राहिला. भिल्लांस जिंकण्याचे सर्व उपाय थकल्यावर त्यांस नोकरींत घ्यावें हें धोरण मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन ह्यांचें. तें तडीस नेण्याची औट्रमची युक्ति मात्र शिकारीची होती. भिल्लांच्या सोबतीनें तो वाघाच्या मागावर पायीं हिंडला, त्यांच्याबरोबर जेवला, त्यांच्यामध्यें निजला. आणि जो गोरा साहेब आपल्याआधीं वाघापुढें जातो त्याच्यामागें जाण्यास भिल्ल तयार झाले. त्या दहा वर्षांत त्याच्या पलटणीच्या मंडळींनीं २३५ वाघ मारल्याची नोंद त्याच्या चरित्रकारानें दिली आहे. त्यांपैकीं १९१ वाघ तो जातीनें हजर असतां पडले. १८२२ च्या आंकड्यांहून हा आंकडा निराळ्या जातीचा आहे. तो वाटोळा नाहीं. मारलेला प्राणी डोळ्यांसमोर पडलेला असतो, आणि शिकारी आपल्या यशाचा हिशेब चोख ठेवितो. वाघांच्या जुन्या संख्येविषयीं आपल्याजवळ जो विश्वसनीय पुरावा आहे तो असा बहुतेक मेलेल्या वाघांचा आहे. जिवंत किती होते तें कोणीं मोजलें नाहीं. मोजण्याची गरजच कोणास वाटली नाहीं.

बंदुकीनें वाघ मारले. पण वाघ हटला तो नांगरानें. शांतता झाली, सारा ठरला, आगगाडी आली, कापसाला भाव आला, आणि सपाटीवरील झाडोरा एका पिढींत नाहींसा झाला. १८८० चें गॅझेटियर छापलें गेलें तोंपर्यंत वाघ मुख्यतः डोंगरांच्या आश्रयास गेला होता. पुढें सागवान तुटलें, शिकारी वाढले, बंदुका स्वस्त झाल्या. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १९७३ सालीं व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हां तो ज्या रानांसाठीं आंखला गेला त्यांत सातपुड्याचें पूर्वेकडील मेळघाट होतें. पश्चिमेकडील तोरणमाळ-अक्राणीचा डोंगर नव्हता. पश्चिम खानदेशचा वाघ कोणत्या दिवशीं संपला ह्याची नोंद कोणत्याही दप्तरांत नसणार. राजा मेला तर तिथि लिहून ठेवतात; शेवटचा वाघ मेला तर तो शेवटचा होता हें मारणाऱ्यालाही ठाऊक नसतें.

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं, मग प्रश्न मिटला. वाघ होता, आतां नाहीं. इतकी घाई करूं नये, असें ह्याच जिल्ह्याच्या इतिहासांतील एक गोष्ट मला बजावते. ती गोष्ट वाघाची नव्हे, एका वीतभर पक्ष्याची आहे.

रानपिंगळा नांवाचें एक लहान घुबड. १८७२ सालीं ब्लेविट नांवाच्या गृहस्थास तें आजच्या छत्तीसगडांत प्रथम मिळालें, आणि पुढच्या वर्षीं ह्यूमनें त्याचें शास्त्रीय वर्णन केलें. त्यानंतर कांहीं वर्षांनीं खानदेशांत नोकरीस असलेल्या जेम्स डेव्हिडसन ह्या पक्षिप्रेमी मुलकी अधिकाऱ्यानें शहाद्याच्या परिसरांत त्याचे आणखी कांहीं नमुने मिळविले. १८८४ नंतर मात्र तो पक्षी कोणासही सांपडेना. अपवाद एकच: कर्नल माइनर्ट्झहागेन ह्या विख्यात संग्राहकाचा एक नमुना, जो त्यानें १९१४ सालीं गुजरातेंत तापीकांठीं मांडवीस मिळविल्याचें लिहून ठेविलें होतें. नामांकित पक्षिशास्त्रज्ञांनीं शोध केला, हातीं कांहीं लागलें नाहीं, आणि पक्षी बहुधा नष्ट झाला असें पुस्तकांतून छापलें जाऊं लागलें.

पुढें पामेला रासमुसेन ह्या अमेरिकन विदुषीनें संग्रहालयांतील नमुने बारकाईनें तपासले, तेव्हां कर्नलसाहेबांचें बिंग फुटलें. मांडवीचा म्हणून दाखविलेला तो पक्षी वस्तुतः डेव्हिडसनचाच होता. संग्रहालयांतून तो चोरून, त्यांत नवा कापूस भरून, त्यावर खोटी चिठ्ठी बांधली होती. म्हणजे इतकीं वर्षें शोधकांपुढें एक असा पत्ता होता कीं जेथें तो पक्षी त्यानें कधीं पाहिलाच नव्हता. रासमुसेनबाईंनीं तो पत्ता बाजूस सारला आणि दोन सोबत्यांसह जुन्या खऱ्या नोंदींच्या जागीं शोध चालविला. नोव्हेंबर १९९७ मध्यें शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशीं, उघड्या फांदीवर ऐन सकाळच्या उन्हांत रानपिंगळा बसलेला त्यांस दिसला. एकशें तेरा वर्षें तो नाहीं म्हणून समजलें जात होतें. आणि तो होता तेथेंच होता.

ह्या गोष्टीपासून "पाहा, शास्त्रज्ञ चुकतात, वाघहि असाच निघेल," असा बोध काढणारे पुष्कळ भेटतात. मला तो बोध खरा वाटत नाहीं. आपल्या मीमांसकांनीं आणि वेदान्त्यांनीं "अनुपलब्धि" नांवाचें एक स्वतंत्र प्रमाण मानलें आहे. जमिनीवर घट दिसत नाहीं म्हणून घट नाहीं, असें ज्ञान ह्या प्रमाणानें होतें. पण त्यांनीं त्याला एक अट घातली आहे, आणि त्या अटींतच सर्व मर्म आहे: अनुपलब्धि ही योग्य पाहिजे. म्हणजे वस्तु तेथें असती तर ती खात्रीनें दिसली असती, अशी परिस्थिति असली पाहिजे. उजेडांत घट दिसला नाहीं तर तो नाहीं. अंधारांत दिसला नाहीं तर कांहींच सिद्ध होत नाहीं. रानपिंगळ्याच्या बाबतींत शोध अंधारांतला होता, कारण शोधक जागा चुकले होते. वीतभर घुबड एका फांदीवर बसून शंभर वर्षें काढूं शकतें. वाघाचें तसें नाहीं. तो महिन्यांतून कित्येक मोठीं जनावरें मारतो, ओल्या मातींत बिबट्याहून बराच मोठा पंजा उमटवितो, झाडांवर नखें ओढतो, वाटेवर विष्ठा टाकतो, रात्रीं डरकाळी फोडतो. जेथें वाघांचें कुटुंब वर्षानुवर्षें नांदतें तेथें तें लपून राहणें फार कठीण. म्हणून तोरणमाळच्या रानांत वाघांची स्थायी वस्ति नाहीं, हें अनुमान मला बळकट वाटतें. सांबर-चितळांवांचून उघडें पडलेलें रान वाघांचें कुटुंब पोसूं शकत नाहीं, हें दुसरें प्रमाण त्याच्या पाठीशीं आहे.

परंतु "स्थायी वस्ति नाहीं" आणि "वाघ कधींच येत नाहीं" हीं दोन विधानें एक नव्हेत. आणि आमच्या वनखात्याच्या तरुण मित्राची चूक होती ती येथें. तरुण नर वाघ आईपासून सुटला म्हणजे हक्काच्या मुलुखाच्या शोधांत किती लांब जातो हें गळ्यांत यंत्र बांधलेल्या वाघांनीं आपल्याला अलीकडे शिकविलें. यवतमाळकडील टिपेश्वरहून २०१९ सालीं निघालेला एक वाघ शेतें, रस्ते, नाले ओलांडीत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यांत पोंचला; त्याची एकूण वाटचाल तीन हजार किलोमीटरांहून अधिक भरली. त्याच टिपेश्वरचा दुसरा एक वाघ २०२१ सालीं अजिंठ्याच्या डोंगरांत गौताळा अभयारण्यांत प्रकटला. ह्या अभयारण्याचें पुरें नांव गौताळा-औट्रमघाट. ज्या साहेबाच्या हजेरींत १९१ वाघ पडले त्याच्याच नांवाच्या घाटांत, अनेक दशकांनंतर वाघ पाहुणा म्हणून आला. जळगांव जिल्ह्यांत मुक्ताई-भवानीच्या रानांत वाघाचें अस्तित्व मान्यच आहे. तेथून सातपुड्याच्या कडेकडेनें तोरणमाळ गांठणें अशा प्रवाशास अशक्य नाहीं.

गुजरातचें उदाहरण तर अगदीं शेजारचें आहे. त्या राज्यांत वाघ उरला नाहीं असें नव्वदीच्या दशकापासून ठरून गेलें होतें. फेब्रुवारी २०१९ मध्यें महीसागर जिल्ह्यांत एका शाळामास्तरानें रस्ता ओलांडणाऱ्या वाघाचें छायाचित्र काढलें. लोकांनीं प्रथम शंका घेतली. पण वनखात्यानें रानांत स्वयंचलित कॅमेरे लावले आणि थोड्याच दिवसांत वाघ त्यांत सांपडला. पट्टे ताडून पाहतां तो मध्यप्रदेशांतील रातापानीच्या रानांतून आलेला ठरला, कारण माणसाच्या अंगठ्याच्या ठशाप्रमाणें प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात. दुर्दैवानें त्याच महिन्याच्या अखेरीस तो मेलेला आढळला. पुढें २०२५ सालीं दाहोद जिल्ह्यांतील रतनमहालच्या अभयारण्यांत दुसरा एक वाघ येऊन महिनोन्महिने राहिला. तेथून दक्षिणेस अलिराजपूरचा मुलुख, मग नर्मदा, आणि नर्मदेच्या पलीकडच्या कांठावर आपला अक्राणीचा डोंगर.

उलट बाजूची चूकहि आपण करून बसलों आहों. राजस्थानांतील सरिस्का येथें कागदोपत्रीं सोळा-अठरा वाघ दाखविले जात होते. २००५ सालीं कसून शोध केला तेव्हां एकहि उरला नसल्याचें उघडकीस आलें. पंजाच्या ठशांवरून डोकीं मोजण्याची जुनी पद्धति त्यानंतर मागें पडली, आणि २००६ पासून दर चार वर्षांनीं कॅमेऱ्यांच्या आधारें गणना होऊं लागली. २०२२ च्या गणनेंत महाराष्ट्राच्या वांट्यास ४४४ वाघ आले, आणि त्यांतील बहुतेक विदर्भांतले. सरिस्क्याचा कागद आणि कर्नलसाहेबांची चिठ्ठी ह्यांची जात एकच: दोन्हींत जें नव्हतें तें असल्याचें लिहिलेलें होतें, आणि लिहिलेलें होतें म्हणूनच कोणीं तपासलें नाहीं.

आतां एक प्रश्न उरतो. "आहे" किंवा "नाहीं" म्हणण्यांत एवढा आवेश कां? वाघ आहे असें ठरल्यानें कोणाचें काय जाणार आहे? तोरणमाळहून उतरतांना हाच प्रश्न मीं त्या वृद्ध गृहस्थांस विचारला. ते म्हणाले, "सर, वाघ आहे असें आम्ही पाहुण्यांस सांगतों. साहेबांनीं लिहून घेतलें तर मात्र नाहीं म्हणतों." ह्या एका वाक्यांत जिल्ह्याचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास आला. सरदार सरोवराच्या पाण्याखालीं महाराष्ट्रांतील ३३ गांवें आलीं, आणि तीं सर्व अक्कलकुवा व अक्राणी ह्या दोन तालुक्यांतलीं. मेळघाटांतून वाघांसाठीं गांवें हलविलीं गेलीं, ही वार्ता सातपुड्याच्या ह्या टोंकालाहि पोंचलेली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानें कसत्या जमिनीचा कागद हातीं पडावा म्हणून ज्यानें वर्षानुवर्षें कचेऱ्यांचे उंबरठे झिजविले, त्याला सरकारी कागदावरचा वाघ रानांतल्या वाघापेक्षां अधिक भयंकर वाटला तर त्यांत नवल नाहीं. दुसऱ्या बाजूनें, तळोदा-अक्कलकुव्याच्या उसाच्या पट्ट्यांत अलीकडे बिबट्यांनीं माणसें मारलीं आहेत. तेथील आईबापांस "वाघ नव्हे, बिबट्या" ही दुरुस्ती ऐकून कोणतें समाधान लाभणार? आणि शहरांत बसून "आमच्या जिल्ह्यांत वाघ आहे" असा अभिमान मिरविणाऱ्या आमच्यासारख्यांस ह्या दोन्ही भयांची झळ लागत नाहीं. साक्षीदारास सत्य सांगितल्याबद्दल शिक्षा होण्याची भीति असेल तर त्याची साक्ष निर्मळ राहणार नाहीं, हें न्यायालयांतील सामान्य तत्त्व रानालाहि लागू आहे.

डोंगरांतील लोकांनीं ह्या प्रश्नाची सोडवणूक आपल्या रीतीनें केलेली दिसते. सातपुड्यांत आणि लगतच्या डांगांत वाघदेवाचीं ठाणीं आढळतात. लांकडाच्या किंवा दगडाच्या फळीवर वाघ, नाग, चंद्र, सूर्य कोरलेले असतात. सपाटीवर आपण आश्विन वद्य द्वादशीस वसुबारस करून गाईवासरांची पूजा करतों. कोकणा, महादेव कोळी इत्यादि डोंगरी समाजांत त्याच तिथीस वाघबारस पाळतात आणि गुरें राखावीं म्हणून वाघाला नैवेद्य दाखवितात. जिचें रक्षण करावयाचें ती आणि जो भक्षण करावयाचा तो, दोघांस एकच दिवस दिलेला आहे. वाघ नष्ट व्हावा अशी प्रार्थना त्यांत नाहीं. त्यानें आपल्या हद्दींत राहावें एवढीच विनवणी आहे. रान आणि गांव ह्यांच्या सीमेवर ठाणें मांडून पिढ्यान् पिढ्या केलेला तो एक करार आहे, आणि वाघ दिसेनासा झाल्यावरहि एका पक्षानें तो मोडलेला नाहीं.

मग निर्णय काय? माझ्यापुरता मीं तो असा केला आहे. नंदुरबारच्या रानांत वाघ वस्ती करून आहे ह्यास आज पुरावा नाहीं, आणि जेथें तो सहज मिळाला असता तेथें तो मिळालेला नाहीं. म्हणून वस्ति नाहीं असेंच मानणें प्राप्त आहे. एखादा वाटसरू वाघ पूर्वीं येऊन गेला नसेल किंवा पुढें येणार नाहीं, असें मात्र कोणीही छातीठोकपणें म्हणूं नये. वृद्धाची पारडी बहुधा बिबट्यानेंच नेली. पण त्याची साक्ष हंसण्यावारीं नेण्याचा अधिकार त्यामुळें कोणास मिळत नाहीं. रानपिंगळा सांपडला तो कागदाचा तिरस्कार करून नव्हे, तर खोटा कागद आणि खरा कागद ह्यांतला भेद ओळखून सांपडला. वाघाचा प्रश्नहि त्याच रीतीनें सुटेल. दरींतल्या पाणवठ्यांवर चार कॅमेरे दोन उन्हाळे लावावे. ते लावण्याचें काम तेथील तरुणांकडेच द्यावें. आणि त्यांत जें कांहीं दिसेल त्यामुळें कोणाचें घर उठणार नाहीं, असें अभय आधीं लिहून द्यावें. हें शेवटचें वचन सर्वांत अवघड आहे, आणि त्यावांचून पहिलीं दोन कामें व्यर्थ आहेत.

परतल्यावर ज्या विद्यार्थ्यानें पंजाचें छायाचित्र आणलें होतें तो मला येऊन भेटला. पुढच्या वर्षीं पुन्हा तोरणमाळास जाणार आहे असें म्हणाला. मीं त्याला माझ्या टेबलावरची लांकडी फूटपट्टी दिली.